जुन्या कॉम्प्युटरसाठी प्रिंटर घेताना

दुकानात जाण्याआधी घरच्या कॉम्प्युटरसमोर दहा मिनिटं बसा आणि एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: विंडोज कोणतं आहे, ते ३२ बिट की ६४ बिट, मागच्या बाजूला कोणती पोर्ट्स (केबल लावायच्या जागा) आहेत आणि रॅम किती आहे. हा कागद खिशात असला की दुकानदाराला नेमकं विचारता येतं. नसला की तो पुढे करेल तो खोका उचलून आणावा लागतो.

मी ठाण्यात चरईत राहते. टायपिंग आणि डीटीपीची कामं घरून करते, त्यामुळे नौपाडा, कोपरी, कळवा इथल्या ओळखीच्या लोकांचे प्रिंटर बसवायला मलाच बोलावणं येतं. यातले बरेच कॉम्प्युटर दहा-पंधरा वर्षांचे आहेत, आणि केवळ वय झालं म्हणून ते काढून टाकावेत असं मला वाटत नाही. सोसायटीची नोटीस, मुलांचे प्रोजेक्ट, सातबाऱ्याची प्रत, आधारची झेरॉक्स एवढ्या कामाला ते पुरून उरतात. काहींना तर बदलायची सोयच नसते. कळव्याच्या एका काकांकडे लग्नपत्रिका आणि स्मरणिका जुळवायचं जुनं देवनागरी सॉफ्टवेअर आहे. त्याचं हार्डवेअर लॉक, म्हणजे जी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालतच नाही अशी छोटी डबी, जुन्या पद्धतीच्या पॅरलल पोर्टला लागतं, आणि आजवरचं सगळं काम त्याच फॉन्टमध्ये आहे. ते मशीन बंद पडलं तर त्या फायली दुसरीकडे उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसेल. त्यांना ‘नवीन घेऊन टाका’ म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्या उपयोगाचं नाही. त्यांच्या कॉम्प्युटरशी जुळणारा प्रिंटर शोधून द्यायला हवा, आणि तो सापडतो.

आता तो कागद. ‘माय कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. विंडोज ७ पासून पुढे तिथे ‘सिस्टम टाइप’ या ओळीत ३२ की ६४ ते स्पष्ट लिहिलेलं असतं आणि रॅमही तिथेच दिसते. विंडोज एक्सपीमध्ये नावापुढे ‘एक्स ६४ एडिशन’ असं लिहिलेलं नसेल तर ते ३२ बिट समजा. घरगुती एक्सपी जवळपास सगळे ३२ बिटच असतात. सर्व्हिस पॅकही (विंडोजच्या दुरुस्त्यांचा संच) टिपून ठेवा. एक्सपीला सर्व्हिस पॅक ३ आणि विंडोज ७ ला सर्व्हिस पॅक १ नसेल तर पुष्कळ ड्रायव्हर सुरुवातीलाच नकार देतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकमेकांशी बोलतात ते ड्रायव्हरमधून, आणि ड्रायव्हर प्रत्येक विंडोजसाठी वेगळा लिहावा लागतो. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही, ६४ बिटचा ३२ वर चालत नाही. त्यात मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. सपोर्ट थांबला की प्रिंटर बनवणाऱ्या कंपन्याही हळूहळू त्या विंडोजसाठी ड्रायव्हर लिहिणं सोडून देतात. कॉम्प्युटर ठणठणीत असतो, प्रिंटर कोरा करकरीत असतो, आणि दोघांमध्ये दुभाषाच नसतो. कोपरीच्या एका ओळखीच्या घरी हेच झालं. ऑनलाइन सवलतीत प्रिंटर घेतला, खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘विंडोज १० किंवा पुढचं’ असं छापलेलं होतं आणि घरात विंडोज ७, ३२ बिट. खोका उघडलेला असल्यामुळे परतही घेतला गेला नाही.

म्हणून माझा नियम एकच आहे आणि तो मी कोणालाही मोडू देत नाही: आधी ड्रायव्हर, मग पैसे. एखादं मॉडेल पसंत पडलं की कंपनीच्या सपोर्टच्या पानावर जा, मॉडेलचं पूर्ण नाव टाका, ऑपरेटिंग सिस्टमच्या यादीतून तुमचं विंडोज आणि तुमचं बिट निवडा. फाइल दिसली तर त्याच वेळी उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. ‘मिळेल नंतर’ म्हणून ठेवू नका, कारण जुन्या विंडोजची पानं कंपन्या काढूनही टाकतात. यादीत तुमचं विंडोज नसेल तर ते मॉडेल सोडा, कितीही स्वस्त असलं तरी. दुकानदार ‘चालतं सगळ्यावर’ म्हणाला तर त्याला शांतपणे विचारा, बिलावर तसं लिहून देता का? बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

ही फाइल उतरवताना दोन-तीन बारकावे सांभाळावे लागतात. पहिला असा की काही ठिकाणी जी फाइल मिळते ती अगदी छोटी असते आणि चालवल्यावर बाकीचा माल इंटरनेटवरून ओढून घेते. जुन्या कॉम्प्युटरवर ही बहुधा मध्येच अडकते. त्याच पानावर ‘फुल’ किंवा ‘ऑफलाइन’ अशी मोठी फाइल असते का बघा. त्याहून उत्तम म्हणजे ‘बेसिक ड्रायव्हर’ नावाची फाइल: तिच्यात फोटो सजवायचं, शाई संपल्याची जाहिरात दाखवायचं वगैरे काही नसतं, नुसता ड्रायव्हर असतो. एक-दोन जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर सगळं सॉफ्टवेअर टाकलं तर कॉम्प्युटर उठायलाच पाच मिनिटं घेतो. दुसरा असा की एक्सपीवरचे जुने ब्राउझर आजच्या बऱ्याच साइट उघडतच नाहीत, म्हणून फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उतरवावी लागते. तेव्हा पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला असू द्या. एक्सएफॅटमधला पेनड्राइव्ह साधा एक्सपी वाचत नाही आणि लोकांना वाटतं पोर्टच गेलं. तिसरा विंडोज ७ वाल्यांसाठी. अलीकडच्या ड्रायव्हरवरची डिजिटल सही शा-२ पद्धतीची असते आणि जुन्या विंडोज ७ ला ती ओळखता येत नाही. ‘ड्रायव्हरच्या प्रकाशकाची खात्री करता येत नाही’ अशा अर्थाचा निरोप येऊन काम थांबतं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये केबी४४७४४१९ क्रमांकाचं अपडेट दिलं होतं. ते टाकून कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की तोच ड्रायव्हर सुरळीत बसतो. हे माहीत नसल्यामुळे चांगले प्रिंटर ‘जुळत नाही’ म्हणून परत गेलेले मी पाहिले आहेत.

ड्रायव्हरच्या पुढची एक गोष्ट आहे, जी दुकानात कोणी सांगत नाही, आणि जुना कॉम्प्युटर असलेल्या माणसाला तीच सगळ्यांत जास्त कामाची आहे. प्रिंटरची स्वतःची भाषा असते. एचपीने १९८४ मध्ये पीसीएल आणली, अडोबीने त्याच सुमारास पोस्टस्क्रिप्ट. या भाषा समजणारा प्रिंटर पान स्वतः तयार करतो, आणि त्याच्यासाठी खास ड्रायव्हर नसला तरी त्या भाषेचा कुठलाही साधारण ड्रायव्हर चालून जातो. पीसीएल ५ समजणाऱ्या लेझरला एक्सपीच्या यादीतला ‘एचपी लेझरजेट ४’ हा ड्रायव्हर दिला की मजकूर व्यवस्थित छापून येतो. दोन बाजूंनी छपाईसारख्या जास्तीच्या सोयी मिळणार नाहीत, पण नोटीस निघेल. याउलट स्वस्तातले बरेच लेझर ‘होस्ट बेस्ड’ असतात. त्यांच्यात पान तयार करायची अक्कल नसते, ते सगळं काम कॉम्प्युटरवर टाकतात. त्यांचा नेमका ड्रायव्हर असेल तोपर्यंत ते उत्तम, ड्रायव्हर नसेल तर निव्वळ खोका. स्पेसिफिकेशनच्या कागदावर ‘प्रिंटर लँग्वेज’ ही ओळ शोधा. तिथे पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला मी सांगेन.

तरीही आपल्याकडे घरोघरी जे दोन लेझर दिसतात, कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२०, ते दोन्ही होस्ट बेस्ड आहेत आणि तरी जुन्या कॉम्प्युटरसाठी मी ते बिनधास्त सुचवते. कारण ते एक्सपीच्याच काळातले आहेत, त्यांचे ३२ बिटचे ड्रायव्हर आहेत, आणि सुट्या भागांपासून मेकॅनिकपर्यंत सगळं ठाण्यात मिळतं. १०२० ला एचपीची १२ए कार्ट्रिज लागते, २९०० ला कॅननची ३०३. बाजारातल्या भरून देणाऱ्यांकडे दोन्हींची एकच ओळख असते, ‘बारा ए’. कंपनीच्या हिशेबाने १२ए मधून साधारण २,००० पानं निघतात. स्कॅनर आणि झेरॉक्सही हवी असेल तर त्याच कार्ट्रिजवर चालणारा एचपीचा एम १००५ आहे. हे आता बहुतेक जुन्या बाजारातच बघावे लागतात.

जुना प्रिंटर घेताना तो चालू करून दाखवा असं स्पष्ट सांगायचं. लॅमिंग्टन रोडला गेलात तर (दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं) दुकानदार काउंटरवरच पान काढून दाखवतात. ठाण्यातल्या गोखले रोडच्या आसपासच्या रिपेअरवाल्यांनाही हे नवीन नाही. एकच पान बघून समाधान मानू नका, दहा-बारा पानं सलग काढा. कागद उचलताना अडखळतो का, दोन कागद एकदम ओढतो का, हे तिसऱ्या-चौथ्या पानानंतरच कळतं. तसं होत असेल तर पिकअप रोलर गुळगुळीत झाला आहे, तो स्वस्तात बदलून मिळतो. पानावर वरपासून खालपर्यंत काळी रेघ किंवा ठरावीक अंतराने तोच डाग येत असेल तर घाबरू नका. या मॉडेल्समध्ये ड्रम (कागदावर पूड उतरवणारा रूळ) कार्ट्रिजच्या आतच असतो, दुसरी कार्ट्रिज घालून बघायला सांगा. पण छापलेल्या अक्षरांवरून बोट फिरवल्यावर पावडर निघाली तर फ्यूजर, म्हणजे पूड तापवून कागदावर पक्की करणारा भाग, नीट तापत नाही. तो खर्च मोठा, तो प्रिंटर नको.

रंगीत हवं की नको, हा प्रश्न मी लोकांना उलटा विचारते: महिन्यातून किती वेळा छापणार? शाईच्या प्रिंटरला रोजचा नाहीतर निदान आठवड्याचा वापर लागतो. महिनाभर बंद राहिला की प्रिंट हेडच्या बारीक छिद्रांत शाई वाळते, मग क्लीनिंग चालवावं लागतं, आणि प्रत्येक क्लीनिंगमध्ये चांगली शाई वेस्ट पॅडमध्ये जाते. टोनर ही कोरडी पूड असते, ती सहा महिने पडून राहिली तरी पहिलं पान काळं कुळकुळीत येतं. ज्यांच्या घरी फक्त कधीतरी एखादा अर्ज छापायचा असतो त्यांना मी काळा-पांढरा लेझरच घ्यायला लावते, आणि प्रोजेक्टची रंगीत पानं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणायला सांगते. घरात शाळेतली मुलं असतील, आठवड्याला रंगीत काहीतरी निघणारच असेल, तर इंक टँक घ्या. एप्सनची एल मालिका, कॅननची जी मालिका, एचपीचे इंक टँक, ब्रदरचे टी मालिकेतले, चारही ठाण्यात सहज मिळतात आणि बाटलीतून शाई भरता येते. इथेही निवड ड्रायव्हरच्या यादीवरच करायची. एकाच मालिकेतल्या दोन मॉडेल्सपैकी एकाला एक्सपीचा ड्रायव्हर असतो आणि पुढच्याला नसतो, असं होतं.

जोडणीबद्दल फार वेळ घालवायची गरज नाही: यूएसबी घ्या. कॉम्प्युटरच्या बाजूचं टोक चपटं, प्रिंटरच्या बाजूचं चौकोनी, लांबी पाच मीटरच्या आत. खोक्यात केबल असेलच असं नाही, विचारून घ्या. जोडताना कॅबिनेटच्या मागचं पोर्ट वापरा, पुढची पोर्ट्स जुन्या मशीनमध्ये सैल झालेली असतात. आणि ड्रायव्हर बसवताना ‘आता केबल लावा’ असं स्क्रीनवर आल्याशिवाय लावू नका; आधीच लावली तर विंडोज स्वतःहून अर्धवट काहीतरी बसवून ठेवतं आणि मग ते काढत बसावं लागतं.

वायफाय जुन्या कॉम्प्युटरसाठी लागत नाही, तरीही यूएसबी आणि वायफाय दोन्ही असलेला प्रिंटर परवडत असेल तर अवश्य घ्या. असा प्रिंटर एअरप्रिंट (आयफोनसाठी) किंवा मोप्रिया (अँड्रॉइडसाठी) ओळखत असेल तर घरातले फोन त्याला ड्रायव्हरशिवाय थेट कागद पाठवू शकतात. यात जुन्या कॉम्प्युटरलाही एक आडवाट मिळते. ड्रायव्हर अजिबातच मिळाला नाही तर फाइलची पीडीएफ करायची, पेनड्राइव्हने किंवा मेलने फोनवर घ्यायची आणि फोनवरून छापायची. मात्र बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात, तेव्हा राउटरचं ते जाळं चालू आहे ना हे बघा. आणि काही नवे प्रिंटर असे आहेत की त्यांना सुरू करायलाच कंपनीच्या ॲपमध्ये खातं आणि सतत इंटरनेट लागतं. जुन्या कॉम्प्युटरच्या घरी असा प्रिंटर नकोच.

पॅरलल पोर्ट, म्हणजे ते मागचं पंचवीस भोकांचं, बहुधा गुलाबी रंगाचं, त्याबद्दल थोडं सांगते. कळव्याच्या काकांसारखं लॉक तिथे लावलेलं असेल तर प्रिंटर त्याच्या पाठीवर जोडू नका. लॉक पॅरललला, प्रिंटर यूएसबीला, असे वेगळे ठेवले की दोघांची भांडणं होत नाहीत. डॉसमधलं (विंडोजच्या आधीच्या, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावरचं) जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना मात्र शाईच्या फितीवर सुया आपटून छापणारा डॉट मॅट्रिक्सच बरा. एप्सनचा एलएक्स ३१० याच्यासाठी फार चांगला, कारण त्याला पॅरलल, सीरियल आणि यूएसबी तिन्ही आहेत: आज जुन्या मशीनवर चालेल, उद्या नव्यावरही चालेल. होस्ट बेस्ड लेझर डॉससाठी कधीही घेऊ नका, तो डॉसचा साधा मजकूर छापूच शकत नाही.

कोणी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून घेतलं असेल तर त्यांचं काम उलट सोपं झालं आहे. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्समध्ये एचपीलिप नावाच्या सॉफ्टवेअरने चालतात, आणि एअरप्रिंटवाले नवे प्रिंटर ड्रायव्हरशिवायच दिसतात. फक्त वर सांगितलेला एलबीपी २९०० तिथे बराच त्रास देतो. जुना मॅक असेल तर एअरप्रिंट मॅकवर २०११ च्या ‘लायन’ या आवृत्तीपासून आहे, एवढं लक्षात ठेवून निवडा.

घरी आणल्यावर लेझर प्रिंटर यूपीएसला लावू नका. आतला फ्यूजर तापताना काही क्षण शेकडो वॅट ओढतो, आणि घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस त्याने किंचाळून बंद पडतो, सोबत कॉम्प्युटरही. प्रिंटर सरळ भिंतीवरच्या प्लगला, अर्थिंग असलेल्या. शाईचे प्रिंटर कमी वीज घेतात, पण त्यांनाही यूपीएसची गरज नसते.

आणि कागद. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतका ओलावा असतो की उघडा ठेवलेला रीम दोन दिवसांत नरम पडतो. नरम कागद लेझरमध्ये तापला की वाकतो, अडकतो, टोनर फिकट बसतो, आणि लोक प्रिंटर बिघडला म्हणून मला फोन करतात. पावसाळ्यात ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं ठेवा, उरलेला रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात. ७५ जीएसएमचा साधा कॉपियर कागद घरच्या कामाला पुरतो. सोसायटीचे ठराव किंवा करारनामे लीगल कागदावर छापायचे असतील तर प्रिंटर तो कागद घेतो का हे आधी विचारा. बहुतेक घेतात, पण ऑल इन वनची स्कॅनरची काच बरेचदा एफोर एवढीच असते, तेव्हा लीगल कागदाची झेरॉक्स तिच्यावर पूर्ण येत नाही.

बसवून झाल्यावर विंडोजचं टेस्ट पेज निघालं म्हणजे काम संपलं असं समजू नका, त्यात मराठी नसतं. तुमच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये ‘ज्ञानेश्वर, ऱ्हस्व, द्वितीय, शृंखला, कर्तृत्व, कुऱ्हाड’ असे शब्द टाइप करून एक पान काढा. जुन्या फॉन्टमध्ये रफार सरकलेला किंवा मात्रा गायब झालेली दिसली तर ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ट्रूटाइप फॉन्टसाठी ‘डाउनलोड ॲज आउटलाइन’, ‘प्रिंट ॲज ग्राफिक्स’ यांसारखा पर्याय शोधा आणि तो बदलून पुन्हा काढा. बहुतेक वेळा प्रिंटर तुमच्या फॉन्टच्या जागी स्वतःचा फॉन्ट घुसवत असतो, आणि या एका बदलाने तो थांबतो. हे पान दुकानदाराने दिलेल्या परतीच्या मुदतीतच काढा.

बिलावर मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरासकट लिहून घ्या. नावाच्या शेवटी ‘डब्ल्यू’ असेल तर साधारणपणे वायफाय, ‘एन’ असेल तर नेटवर्कचं पोर्ट, ‘डी’ असेल तर दोन्ही बाजूंनी छपाई. एका अक्षराने ड्रायव्हरची फाइलही बदलू शकते. ती फाइल पेनड्राइव्हवर, कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर आणि घरच्या कोणाच्या तरी मेलवर, अशी तीन जागी ठेवा, आणि फोल्डरला प्रिंटरचं पूर्ण नाव, विंडोज आणि बिट असं नाव द्या. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली तर येणारा माणूस पहिल्यांदा तेच मागतो.